मुंगीला साखर, मुंगीला विष

आमच्या बेळगाव-निपाणी भागात मुंग्यांच्या बिळाशी चिमूटभर साखर घालणे आम्ही पुण्य मानतो. त्याच मुंग्या नैवेद्याच्या गुळास लागल्या, की विष शोधतो! घरोघरी वापरली जाणारी गॅमेक्सिनची भुकटी १९९७ साली बंद झाली, ते बरेच झाले. मुंगी गंधाच्या वाटेने येते. ती वाट साबणाच्या पाण्याने पुसावी, फट बुजवावी, गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवावा. पूजेच्या जास्वंदीवर मुंग्या दिसल्या, तर पानांखाली मावा पाहावा. त्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याचे रक्षण करतात. निपाणीच्या तंबाखूचा काढा माव्यास मारील, परंतु निकोटीन हेही विषच. तेव्हा मावा पाण्यानेच धुऊन काढावा. दयेला स्वच्छतेची जोड मिळाली, तर देवाची फुले निर्विष राहतील.