बाळंतं, गव्हाण आणि रमाबाई

शाळेच्या पुस्तकात पंडिता रमाबाई चार ओळींत संपतात. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. पुढे धर्मांतराचा विषय निघतो आणि बोलणं तिथेच अडकतं. या सगळ्यात एक गोष्ट मागे राहते: या बाईनं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली, तरी मलाही हे सामान्यज्ञानाच्या प्रश्नाइतकंच ठाऊक होतं. ते काम नेमकं काय होतं, हे मला इंग्लंडमध्ये, नाताळच्या तोंडावर कळलं.

इथे शिकता शिकता मी दर शनिवारी मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवते. डिसेंबरात जवळच्या चर्चमध्ये येशूजन्माची गोष्ट वेगवेगळ्या भाषांत वाचतात. मराठी वाचन माझ्याकडे आलं: लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस ओळी. फोनवर आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिथं मराठी कळतंय कुणाला? मग कुणासाठी वाचणार गं?"

सराव म्हणून मी ते मुलांना वाचून दाखवलं. 'बाळंतं' या शब्दावर पहिला हात वर झाला. जुन्या मऊ लुगड्याचं फडकं, बाळाला गुंडाळायचं, असं सांगितल्यावर एकीला तिच्या आईचं गाठोडं आठवलं. 'गव्हाण' मी फोनवर फोटो काढून दाखवली. खरी अडचण आली 'उतारशाळा' या शब्दाशी. लहानपणापासून मी तो फक्त चर्चमध्ये ऐकलाय. एसटीतून उतरून कुणी उतारशाळा शोधत नाही. "म्हणजे हॉटेल फुल्ल होतं का?" एका मुलानं विचारलं.

मग मी शोधायला बसले. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे 'कातालूमा'. त्याचा अर्थ उतरण्याची जागा असा होतो, तसाच घरातली पाहुण्यांची खोलीही. एका शब्दानं गोष्ट पालटते. उतारशाळा म्हटलं, की परक्या गावानं दार लावून घेतलेलं दिसतं. पाहुण्यांची खोली म्हटलं, की नातेवाइकांनी भरलेलं घर दिसतं, आणि अवघडलेल्या बाईला जनावरं बांधतात त्या भागात जागा करून दिलेली. माझ्या आजीच्या माहेरी एकाच छपराखाली माणसं आणि म्हशी असायच्या. तिला यातलं दुसरं चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

रमाबाईंच्या कामाचं वजन मला त्या रात्री जाणवलं. मी एका शब्दापाशी अडले होते. त्यांच्यासमोर उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत ६६ पुस्तकं होती.

त्या १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या. वाँटेजला सेंट मेरी द व्हर्जिनच्या सिस्टरांकडे राहिल्या आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. गोरे मिशनरी आपल्याकडे येऊन शिकवत होते, त्याच काळात एक विधवा मराठी बाई त्यांच्या देशात शिक्षिका होती. मात्र तिनं पुरुषांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला.

सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा असा आहे. क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती, म्हणून तो घालायला त्या तयार नव्हत्या. आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असा त्यांचा सवाल होता. देव स्वीकारला होता, पण त्याच्याशी बोलायची भाषा कुणी ठरवून दिलेली त्यांना नको होती.

गंमत पुढे आहे. हीच बाई केडगावात भाषांतराला बसली, तेव्हा तिनं संस्कृत शब्द वेचून बाजूला काढायला सुरुवात केली. आधीच्या मराठी बायबलांतले जड, हिंदू तत्त्वज्ञानाचे संस्कार असलेले शब्द त्यांना खटकत होते. इंग्लंडमध्ये संस्कृतसाठी भांडणारी आणि इथे संस्कृत गाळणारी, या दोन रमाबाई वेगळ्या वाटतात. मला तसं वाटत नाही. वाँटेजला समोर लॅटिन होतं, तिथे संस्कृत हा स्वाभिमान होता. केडगावात समोर दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या, अक्षरं नुकतीच गिरवू लागलेल्या. त्यांच्यापुढे तेच संस्कृत लॅटिनइतकं परकं होतं. दोन्हीकडे त्यांनी ऐकणारं माणूस पाहून शब्द ठरवला. आजीनं मला जे विचारलं, तेच.

यावर आक्षेप आहे आणि तो खराही आहे. संस्कृत म्हणजे फक्त जडपणा नव्हे. फादर स्टीफन्सनं ओव्यांत लिहिलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. तिथे जुने शब्दच आपलेपणा देतात. मुळाला चिकटून राहण्याच्या हट्टापायी रमाबाईंचं गद्य जागोजागी ताठ झालंय. चर्चमध्ये रुजलं ते बायबल सोसायटीचं भाषांतर. ती पहिली स्त्री-भाषांतरकार, असा मेसेज फिरतो, तेही बरोबर नाही; अमेरिकेत ज्युलिया स्मिथनं आपलं भाषांतर १८७६ सालीच छापलं होतं.

वाचताना मी 'उतारशाळा' सोडलं आणि 'पाहुण्यांची खोली' म्हटलं. 'बाळंतं' आणि 'गव्हाण' तसेच ठेवले. चर्चमध्ये ते कुणालाही कळले नाहीत. रेकॉर्डिंग आजीला पाठवलं. तिचा व्हॉइस मेसेज आला: "उतारशाळा का गाळली? पण बरं वाटलं. आपल्या घरात झाल्यासारखं वाटलं."

तिची नाराजी मला पटते. सत्तर वर्षं ऐकलेला शब्द कुणी काढून घेतला, तर गोष्टीतली वीट काढल्यासारखं होतं. सोपं करणाऱ्यानं हे नुकसानही मोजलं पाहिजे.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं या कामाला दिली. १९२१मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला त्या स्वतः. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली होत्या. ते बायबल आज फारसं कुणी उघडत नाही. मला मात्र राहून राहून त्या मुली दिसतात: एकेक अक्षर उलटं वाचत ओळ लावणाऱ्या, आणि मधेच एखादा शब्द आपल्या घरातला निघाला म्हणून थांबलेल्या.