धुक्याची प्रतीक्षा

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेंत द्राक्षें दिसलीं कीं आम्हांस अमरकोशांतील ‘गोस्तनी’ हें नांव आठवतें. हंगेरींतील तोकाय प्रांतीं मद्याच्या द्राक्षांचीं नांवेंहि अशींच बोलकीं. ‘हार्शलेवेलू’ म्हणजे लिंडनवृक्षासारख्या पानांची. मद्य आम्हांस वर्ज्य, जातींचें कुतूहल नव्हे! नाशिककडे धुकें पडलें कीं बागाइतदाराच्या पोटांत गोळा येतो. डावणी-भुरीनें वर्षाचें पीक बुडतें. तोकायला मात्र बोद्रोग-तिसा नद्यांवरचें शरदांतील धुकें आणि दुपारचें ऊन हवेंच असतें. त्यायोगें पिकल्या फुर्मिंट जातीवर बोट्रायटिस बुरशी चढते, मणी सुकतो, साखर दाटते. असे मणी हातांनीं वेंचून ‘असू’ मद्य करितात. धुकें हुकलें, तर त्या वर्षीं ‘असू’ बेताचेंच.