दारावरचा कोहळा

अमेरिकेतल्या भाचीनं फोटो पाठवलाय. पायरीवर डोळे-दात कोरलेला भोपळा, आत मेणबत्ती. कळंबमध्ये भोपळ्याला कुणी दात काढत नाही, पण फळ राखणीला बसवणं इथंही चालतंच. आमच्या गल्लीत निम्म्या दारांवर शिंकाळ्यात कोहळा टांगलेला आहे, हळद-कुंकू लावलेला. तो सडला की घरावरची नजर त्यानं घेतली म्हणायचं आणि अमावास्येला नवा बांधायचा. मला ते पटत नाही. तरी जुना काढून दार मोकळं ठेवायचं धाडस मी केलेलं नाही.

आयर्लंडमध्ये म्हणे आधी सलगम कोरत. भोपळा अमेरिकेत गेल्यावर हाती आला. 2024 मध्ये तर गंमतच झाली. 31 ऑक्टोबरला तिकडं हॅलोविन आणि इकडं नरक चतुर्दशी. त्याच पहाटे कोकणात अंगठ्याखाली कारीट फोडून नरकासुर मारतात. भुताखेतांशी लढायला माणसाला वेलीवरचंच फळ का लागतं, कोण जाणे.

शेजारच्या काकू अजून अख्ख्या कोहळ्याला स्वतः विळी लावत नाहीत. नवरात्रात पशुबळीच्या जागी कोहळा कापतात, त्यामुळं पहिला घाव बाप्याचा, असा त्यांचा हिशेब. मग गल्लीतल्या एखाद्या पोराला हाक जाते. त्याला काप केल्याबद्दल काहीतरी गोड मिळतं, म्हणून पोरं टपूनच असतात. हे मात्र थेट हॅलोविनसारखं.

भाचीला कळवलंय: कोरताना निघालेला गर टाकू नकोस, किसून गुळात शिजव, कणीक घाल, घारगे तळ.