मोडलेली कामठी

आमच्या ओसरीतल्या खुंटीवर एक मोडके धनुष्य टांगलेले आहे. घरी आलेला पाहुणा ते पाहून एकदा तरी म्हणतोच, "साहेबांना शिकारीचा नाद दिसतोय!" मी आपला हसून चहाची कपबशी पुढे करतो. शिकारीचा नाद मला कधीच नव्हता. लाकडाला हत्यार लावायचीही सवय नव्हती. घरातली खाट डुगडुगू लागली, की सुताराला निरोप धाडणारा मी माणूस. तरी हे धनुष्य मी स्वतःच्या हाताने केले आणि ते माझ्याच चुकीने मोडले. ती हकीकत आज सांगतो.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या बाजूला होतो. डोंगरउतारावरची शेती आणि पाड्यापाड्यांत विखुरलेली घरे. त्यांतल्या एका पाड्यावर एका वृद्ध भिल्ल शेतकऱ्याच्या वावरात आम्ही मक्याचे प्रात्यक्षिक घेतले होते. त्यामुळे आठ-पंधरा दिवसांनी तिकडे फेरी व्हायचीच. पाड्यावर सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणे. बाबा मात्र मला "साहेब, तू" म्हणत. त्यांच्या बोलण्यात 'तुम्ही' हा शब्दच नव्हता. कलेक्टर दारात आले असते तरी त्यांनाही त्यांनी "बस तू" असेच म्हटले असते. मला ते फार बरे वाटे.

बाबांच्या घरात कुडाच्या भिंतीला एक कामठी अडकवलेली होती. कामठी म्हणजे धनुष्य. सातपुड्यातल्या भिल्लांची कामठी बांबूची असते, आणि नवल असे की तिची दोरीही बांबूचीच. बांबूच्या सालीकडची चिवट, पातळ पट्टी काढून तीच दोरीच्या जागी ताणून बसवतात. शेजारी तीर होते. काहींना सुरीसारखे लोखंडी पाते, काहींना खिळ्यासारखे टोक, आणि पाखरे पाडायच्या तिरांना नुसते बोंड. १८५७-५८ साली खाज्या नाईक आणि भीमा नाईक सातपुड्याच्या रांगांत इंग्रजांशी झुंजले, तेव्हा त्यांच्या माणसांच्या खांद्यावर अशाच कामठ्या होत्या.

आता ती कामठी भिंतीवरच असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. रानडुकरे एका रात्रीत मक्याचे उभे पीक कसे आडवे करतात, हे तुम्ही मला सांगायला नको. कित्येक पंचनाम्यांना मी स्वतः उभा राहिलो आहे. पण परवानगीवाचून तीर सोडला, तर गुन्हा आपल्यावर दाखल होतो, डुकरावर नाही. वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज वेळेत देणे हाच त्यातला मार्ग. तेव्हा ही हकीकत वाचून कोणी शिकारीला निघू नये.

बाबांचा नातू आश्रमशाळेत आठवीला होता. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तो लिंबा रामचे नाव घेऊन. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला हा आदिवासी मुलगा लहानपणी बांबूच्या धनुष्यावर हात बसवून पुढे १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला, हे त्याला शाळेतल्या गुरुजींनी सांगितले होते. झाले, पोराला धनुष्य हवे! भिंतीवरची कामठी त्याला वितभरसुद्धा ओढवेना. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि हाताला कंप, त्यामुळे त्यांना नवी करणे शक्य नव्हते. पोराचा बाप ऊसतोडीला गेलेला.

"मी करून देतो," मी म्हणालो.

आता हे मी का म्हणालो? खरे सांगायचे तर कॉलेजात वनस्पतिशास्त्रात शिकलेली एक गोष्ट मिरवायची होती. आपल्या धामण वृक्षाचे संस्कृत नाव धन्वन. धनुष्याचे लाकूड म्हणून त्याला जुन्या काळापासून मान. लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा आणि कावडीची काठी धामणाची करतात. बाबांच्या बांधावर तोडलेल्या धामणाच्या बुंध्याला मनगटाहून जाड, सरळ फुटवे आले होते. मी बाबांना धन्वन शब्दाची सगळी व्युत्पत्ती ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "धामणाची होते कामठी. पण नवशिक्याने बांबू घ्यावा." मी ते कानाआड केले.

फुटवा तोडला. उभा चिरला. शाळेची सुट्टी संपायच्या आत धनुष्य हवे, म्हणून अर्धे लाकूड पत्र्याच्या छपरावर उन्हात टाकले. दहा दिवसांत ते वाळल्यासारखे दिसू लागले. टोकांना दोन बारीक चिरा पडल्या होत्या, तेवढा भाग कापून टाकला. मग धडगावातल्या सुताराकडून वाकस आणि रंधा मागून आणला आणि चारही बाजूंनी रंधून फळीसारखी सरळ, गुळगुळीत पट्टी केली. दिसायला देखणी! बाबा ओट्यावर बसून रंध्याच्या आवाजाकडे कान देऊन होते. मध्येच उठून आले, लाकडावरून बोट फिरवले आणि काही न बोलता पुन्हा जाऊन बसले.

अंबाडीची दोरी लावली. मी एकदा अर्धीमुर्धी ओढून पाहिली. ठीक वाटली. पोराच्या हातात दिली. त्याने लिंबा रामसारखा पाय रोवला, हात मागे घेतला, आणि "फाट्" असा आवाज झाला. वरचा अर्धा भाग मध्येच तुटून उडाला आणि त्याच्या भुवईवर बसला. रक्त इतके आले की डोळा गेला असेच मला वाटले. पोराची आई धावत आली. ती काय बोलली ते मला सगळे कळले नाही, पण जेवढे कळायला हवे तेवढे कळले. त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागे आईला घेऊन दवाखाना गाठला. तीन टाके पडले. डोळा वाचला तो एका बोटाने.

संध्याकाळी परत आलो तेव्हा बाबांनी तुटलेले दोन्ही भाग गोळा करून ठेवले होते. त्यांनी एक तुकडा माझ्या हातात दिला आणि तुटल्या जागी माझे बोट धरून फिरवले. लाकडात वर्षावर्षाच्या वाढीच्या रेषा असतात. फुटवा थोडा वाकडा होता. मी त्याला बळेच सरळ रंधले, त्यामुळे बाहेरच्या बाजूच्या रेषा मधेच कापल्या गेल्या होत्या. धनुष्य ओढले की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. बाहेरची ती पाठ, आतले ते पोट. पाठीची एक रेष जरी तुटली, तरी तिथूनच चीर निघते. "पाठीला हत्यार लावायचं नसतं," बाबा म्हणाले. "साल काढायची, बास. तासायचं ते पोट."

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही बोट फिरवलंत तेव्हाच हे कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तू साहेब," ते म्हणाले. "वाटलं, पुस्तकात तसं असेल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोराच्या भुवईपेक्षा ते वाक्यच जास्त टोचत होते. किती बांधांवर उभा राहून मी बी-खताच्या मात्रा सांगितल्या, किती माना डोलल्या! त्यांतल्या किती जणांना माझी चूक दिसत होती आणि साहेब म्हणतोय म्हणून ते गप्प राहिले? याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो, मक्याच्या प्लॉटशी बाबांना उभे केले आणि विचारले, "इथं माझं काय चुकलंय?" ते बराच वेळ ताटांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "दाट आहे. आमच्या उतारावर माती कमी." पुढच्या हंगामात आम्ही ओळी लांब केल्या.

आणि दुसऱ्या धामणाला हात घातला. या वेळी बाबा सांगतील तसे. मार्गशीर्षात, थंडीत दुसरा फुटवा तोडला. उभा चिरून एक अर्धे घेतले, पाठीची साल लाकडाला खरचटू न देता अलगद सोलली. टोकांतून पाणी भराभर उडते म्हणून तिथे चिरा पडतात. म्हणून दोन्ही टोकांना शेणाचा जाड लेप दिला आणि लाकूड घरात आढ्याखाली, चुलीपासून लांब टांगले. यात माझी भर एवढीच, की मी दर महिन्याला ते काट्यावर तोलत असे. बियाण्यातला ओलावा मोजणाऱ्या माणसाला ही खोड असतेच. आणले तेव्हा तीन किलो भरले होते. उन्हाळ्यात उतरत उतरत सव्वादोन किलोवर आले, पावसाळ्यात किंचित वाढले, आणि पुढच्या आश्विनात पुन्हा तिथेच येऊन थांबले. वजन उतरायचे थांबले म्हणजे लाकूड वाळले. दहा दिवसांचे काम होते ते! त्याला दहा महिने लागले.

मग घडाई. लांबी पोराच्या उंचीएवढी. मधोमध चार बोटे मुठीची जागा जाड ठेवली. तिच्या वरच्या आणि खालच्या भागांना मी पाख म्हणतो. प्रत्येक पाख मुठीजवळ सव्वा इंच रुंद आणि टोकाशी अर्धा इंच, असा निमुळता उतरवला. वाकस वापरला तो फक्त पोटाच्या बाजूने. पुढे कानस, आणि शेवटी फुटक्या बाटलीच्या काचेने खरवडणे. काच रंध्यापेक्षा बरी. ती थोडेच काढते, त्यामुळे चूकही थोडीच होते.

खरे काम तिथून पुढे होते. कुडावर कोळशाने आडव्या रेघा मारल्या. मूठ वर एका खुंटीत अडकवून सैल दोरी खालून इंच-दोन इंच ओढायची, आणि लांब उभे राहून पाहायचे की दोन्ही पाख सारखे वाकतात का. बाबांना दिसत नव्हते, म्हणून ते पाखावर हात ठेवून वाक ओळखत. एक जागा जास्त वाकत होती. मी काच घेऊन तिथेच खरवडायला गेलो, तर त्यांनी माझे मनगट धरले. "ती दुबळी आहे. तिला हात लावू नको. जी वाकत नाही ती खरवड." ही गोष्ट ऐकायला सोपी, पण हात दर वेळी दुबळ्या जागेकडेच जातो. खरवडायचे, वीस-तीस वेळा हलके ओढायचे, पाहायचे, पुन्हा खरवडायचे. जिथवर वाक सारखा झाला नाही, त्याच्या पुढे एक इंचसुद्धा ओढायचे नाही. या कामात चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी धान्य तोलायचा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून पाहिले. अठरा इंच ओढीला अकरा किलो. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला पुष्कळ झाले.

दोरी अंबाडीची, तीनपदरी, मेण चोळलेली. लाकडाला जवसाचे तेल. तीर बोरूचे, कोंबड्याच्या पिसांचे, टोकाला लोखंड नाही, बोंड. तीर न लावता नुसती ओढून सोडायची नाही, कारण तिराने न्यायचा जोर मग लाकडातच फिरतो आणि लाकूड तडकते. काम झाले की दोरी उतरवून ठेवायची. बाबांनी नातवाला हे दहादा बजावले. पोर मान डोलवत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "डोलवू नको. म्हणून दाखव."

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही मक्याच्या ताटांच्या चार पेंढ्या एकावर एक रचल्या. पाड्यातली पोरे जमली. पोराची आई दारात उभी होती, जवळ आली नाही. मी कामठीला दोरी चढवली आणि ती पोराकडे दिली. त्याने ती घेतली, पण दोरीला हात लावला नाही. आधी पाठीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू. कुठे रेष तुटली आहे का ते पाहत होता. भुवईवरचा वण त्या वेळी नीट दिसत होता. मग कामठी त्याने माझ्याच हातात परत दिली.

"साहेब," तो म्हणाला, "आधी तू ओढ."

पोरे हसली. बाबाही हसले. पोराच्या आईने दारातूनच हाक मारून त्याला दहा पावले मागे घेतले. मी चष्मा काढून खिशात ठेवला, बोरूचा तीर दोरीला लावला आणि ओढू लागलो.