'नगण्य' म्हणजे किती?

परीक्षेत आपण सगळेच बिनधास्त लिहितो, 'हा करंट नगण्य मानू.' मार्क मिळतात, कोणी काही विचारत नाही. मला मात्र मामाने विचारलं!

त्याचं असं झालं, मिनी प्रोजेक्ट म्हणून मी आणि माझ्या रूम पार्टनरने मातीतला ओलावा नोंदवणारं सर्किट केलं आणि दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेत लावलं. मातीत दोन सळया, १० किलोओहमचा एक रेझिस्टर, मायक्रोकंट्रोलर आणि तीन व्होल्टचा बटन सेल, तोच आपला सीआर २०३२. पाणी कधी द्यायचं ते मामा त्यावरून ठरवणार होता. "वर्षभर बघायला नको," मी छाती ठोकून सांगितलं. बेचाळिसाव्या दिवशी त्याचा फोन, "अगं, तुझं यंत्र मेलं. आणि सळया पार खाल्ल्यात."

जो हिशेब आधी करायचा, तो मग केला. या सेलमध्ये साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असतात. त्यात वर्ष काढायचं तर सरासरी २५ मायक्रोअँपिअरमध्ये भागवायला हवं. आमच्या सळयांतून ओल्या मातीत सुमारे २०० वाहत होते, चोवीस तास. प्रोसेसर गाढ झोपलेला आणि सेन्सर टक्क जागा! शिवाय डीसी करंट सतत एकाच दिशेने गेला की इलेक्ट्रोलिसिसने धातू झिजतो. एकाच चुकीत सेलही गेला नि सळयाही.

हे मामाला सांगताना माझ्या कॉन्व्हेंटी मराठीची त्रेधा उडाली. 'ड्यूटी सायकल'ला काय म्हणणार? तोच म्हणाला, "म्हणजे मोटर चालू ठेवून झोपलीस." बरोब्बर!

आता सळयांना मायक्रोकंट्रोलरच्या दोन पिनांवरून वीज मिळते. दर १५ मिनिटांनी फक्त १० मिलिसेकंद, अर्धा वेळ सुलट, अर्धा उलट. सरासरी दोन-तीन नॅनोअँपिअर! तरी एकूण करंट ६० मायक्रोअँपिअर दिसेना का? सेलच्या वाटेत १ किलोओहम टाकून आम्ही मोजत होतो, म्हणजे जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर. (प्रोसेसर जागा होताना हा रेझिस्टर शॉर्ट करायचा, नाहीतर तो रीसेट होतो. हे ज्ञान तीन रीसेटनंतरचं.) रात्री दोनला चोर सापडला. न वापरलेल्या इनपुट पिना आम्ही मोकळ्या सोडल्या होत्या. सीमॉस इनपुट अधांतरी राहिलं की ते ना धड शून्य, ना धड एक. मग आतले दोन्ही ट्रान्झिस्टर थोडे थोडे चालू राहतात. पुल-अप लावले आणि करंट ४ वर आला.

सरांना सांगितलं तर त्यांनी हसून १९७७ चा एक पेपर हातात दिला. लेखक व्हिटोझ आणि फेलरथ, दोघेही घड्याळांच्या देशातले, स्वित्झर्लंडचे. थ्रेशोल्डच्या खालचा ट्रान्झिस्टर आपण 'ऑफ' म्हणून सोडून देतो. यांनी नेमक्या त्या झिरपणाऱ्या करंटवर अॅनालॉग सर्किट्स उभी केली! तिथे गेट व्होल्टेजबरोबर करंट घातांकी वाढतो, त्यामुळे चिमूटभर करंटात बरंच काम होतं. वेग कमी मिळतो, पण मातीला कुठे घाई आहे?

४ मायक्रोअँपिअर म्हणजे कागदावर सहा वर्षं. या वेळी मी मामाला आकडा सांगितलाच नाही. नव्या सळया त्याने स्वतः आणल्या, स्टेनलेस स्टीलच्या. आणि एक जादा सेल फडताळात ठेवून घेतलाय.