परवाना कोणी द्यायचा?

माझी भाची एम.एस.डब्ल्यू. झाली त्याला आता आठ महिने होतील. मगरिबची नमाज झाली की ती लॅपटॉप उघडून नोकरीच्या जाहिराती पाहत बसते. घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात, "समाजसेवा तर आपण सगळेच करतो, त्याला डिग्री कशाला?" ती काही बोलत नाही.

मीही तिला एकदा म्हणाले होते, "बी.एड. करून टाक गं." शिक्षकाला टीईटी असते, वकिलाला सनद, डॉक्टरला नोंदणी. पुढची पायरी कोणती ते दिसते. ती म्हणाली, "खाला, अमेरिकेत समाजकार्यकर्त्यालाही परीक्षा देऊन परवाना मिळतो. इथे मी काय दाखवू?"

मग आम्ही दोघींनी वही घेऊन माहिती काढली. आपल्याकडे समाजकार्याची पदवी घेतलेल्या सगळ्यांसाठी एकच परवाना नाही. वाटा वेगवेगळ्या आहेत. कॉलेजात शिकवायचे तर नेट किंवा सेट. मनोरुग्णांसोबत काम करायचे तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्यासाठी एम.फिल.ची अट आहे. 2021 च्या एका केंद्रीय कायद्याने वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांनाही आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतले. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचे पद असते. उरल्या स्वयंसेवी संस्था. तिथे फील्डवर्कचा अनुभव आणि भाषा पाहतात. तिला मराठी, उर्दू, हिंदी तिन्ही येतात. वस्तीतल्या बाईशी तिच्याच बोलीत बोलता येणे ही लहान गोष्ट नाही.

या शिक्षणाशी आपले नाते जुने आहे. देशातले समाजकार्याचे पहिले विद्यालय 1936 मध्ये मुंबईत निघाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याआधी नागपाड्यात, आपल्या लोकांच्या वस्तीत, नेबरहूड हाऊस चालवत होते.

गेल्या महिन्यात तिची एक मुलाखत झाली. सगळी उत्तरे बरोबर आली. शेवटी त्यांनी विचारले, "गरज पडली तर संध्याकाळी उशिरा वस्तीत जाल? घरचे पाठवतील?" ती गप्प राहिली. नोकरी गेली.

रात्री तिने हे सांगितले तेव्हा मला कळले की अडलेला परवाना सरकारचा नव्हता, आमचाच होता. तिला एम.एस.डब्ल्यू.ला आम्हीच पाठवले, फीही भरली. पण त्या कामाला घरातून होकार दिलाच नव्हता. यतीमाला हाकलून देणाऱ्याची निंदा सूरह माऊनमध्ये आहे, हे मी मुलांना शिकवते. त्या यतीमाच्या दारापर्यंत जाणारी मुलगी मात्र आमच्याच घरात अडली होती.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडे जाऊन दुल्हेभाईंशी बोलले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उशीर होणार असेल तर फोन करायला सांग. नेरूळ स्टेशनवर मी घ्यायला जाईन."

येत्या सोमवारी तिची दुसरी मुलाखत आहे. नोकरी मिळेल की नाही, अल्लाह जाणे. पण तोच प्रश्न पुन्हा आला तर या वेळी तिच्याकडे उत्तर आहे.