पंचगंगेकाठची रिकामी सुरई

१/ शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते. याच नदीच्या वरच्या अंगाला, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, १९४०च्या दशकात रोमन ब्राँझवस्तू सापडल्या: समुद्रदेव पोसायडनची मूर्ती, आरसा आणि मद्य ओतण्याच्या सुरया.

२/ पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’नुसार भडोच बंदरी इटलीच्या मद्यास अधिक पसंती होती.

३/ त्याच शतकातील प्लिनी स्पेनमधील तारागोना प्रांताच्या मद्याची नजाकत वाखाणतो. जवळजवळ दोनशे वर्षे मुरलेले इटालियन मद्य मात्र कडवट मधासारखे दाट झाल्याचे तो नोंदवतो.

४/ चव केव्हाच उडाली. साक्ष उरली ती धातूची आणि खापरांची. म्हणून पांढरीची माती उपसताना हाती आलेले खापर फेकण्यापूर्वी क्षणभर थांबावे. एकदा विखुरलेली पांढर पुन्हा वाचता येत नाही.